सूरजची ट्रंक कुणी उचलायची

कोइमतूर,
९ जून २०२४

नाना,

पाया पडतो. फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई आनि तुमी वरडता ते मला ऐकवत न्हाई, म्हनून आपलं हे पत्रच बरं. तोफखान्यानं तुमचं कान घेतलं, डोळं ठेवलं, ही त्येंची मेहरबानी.

पत्ता बदललाय. त्रिचूरचं दुकान सोडलं. का सोडलं ते इचारू नगा, तितं मन लागंना. आता कोइमतूरला आप्पासो शेटच्या गलाईत हाय. शेट आपल्या विट्याकडचाच. काम तेच. सोनार जुन्या दागिन्यांची मोड आनून टाकतो, आमी ती मुशीत वितळायची, तेजाबात घालायची, खाली बसलेलं सोनं धुवून परत वितळायचं. तेजाबाचा धूर नाकात बसलाय. जेवताना आमटीला बी त्योच वास. आठवी पास मानसाला दुसरं काय मिळनार, हे तुमी म्हनायच्या आदी मीच म्हनून टाकतो.

आता मुद्द्याचं. सूरजचा फोन आलता. सुट्टी संपवून परत गेला त्यो. म्हनला, "यश्या, नानानी माजी ट्रंक उचलली न्हाई रं." मला खरं वाटंना. गावचा जवान सुट्टीवरनं निगाला की त्याची ट्रंक वेशीपासनं एसटीच्या स्टॉपपतूर जुन्या फौजीनं न्यायची, ही रीत माज्या जन्माच्या आदीची हाय. आनि त्यात तुमी कायम पुढं. मी आनि सूरज बारकं असताना तुमच्या मागनं पळायचो, ट्रंकंची मागली कडी धरायला मिळावी म्हनून. खरं सांगू का, मला फौजेत जायचं हुतं ते बंदुकीसाठी न्हवं. माजी ट्रंक कुनीतरी उचलंल, आनि मी मोकळ्या हातानं पुढं चालंन, एवढ्यासाठी.

त्याच सूरजची ट्रंक याकूबभाईनं हाटेलातली किटली खाली ठेवून उचलली म्हनं. याकूबभाई कवा हुता फौजेत?

पोरानं तुमच्या पोरीला, पूजाला मागनी घातली म्हनून ही शिक्षा असंल तर चुकतंय तुमचं. अग्निवीराला चार वर्सं लगीन करता येत न्हाई, हे त्यालाबी ठावं हाय. त्यो लगीन मागत न्हाई. फकस्त सुपारी फोडा म्हनतोय. अडीच वर्सं राहिलीत, दोगं थांबायला तयार हायत. व्हय, दोगं. पूजालाबी पसंत हाय. तुमाला ठावं नसंल तर आता झालं.

काकीला नमस्कार.

यशराज

*

वरची कातळवाडी, ता. खटाव
२० जून २०२४

चि. यशराज यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. हा तिसरा पत्ता. एका जागी वर्षभर टिकला असतास तर बिनवर्दीचा तुला शिपाई म्हनलो असतो.

ट्रंकेचं ऐक. ट्रंक उचलायची ती फौजीची. चार वर्षांच्या बोलीवर गेलेल्याला फौजी म्हनायचं का न्हाई, ह्यावर वडूजला माजी सैनिकांच्या मीटिंगमधी दोन तट पडलेत. मी कुठल्या तटात, ते स्टॉपवर गावानं बघितलं. सूरजवर राग न्हाई. पोरगं सरळ हाय, बिडीला शिवत न्हाई, तुज्यासारखं गाव बदलत न्हाई. पर चारांतला एक ठेवनार आनि तिघं घरी धाडनार, ही सरकारची बोली. घरी आलेल्याला पेन्शन न्हाई. मी आज सुपारी फोडायची आनि हा तिघांतला निगाला तर? पोरीचा शब्द परत घेता येत न्हाई, यशराज. शब्द म्हंजे गोळा. तोफेतनं सुटला की सुटला.

पर मी दार लावून घेतलं न्हाई. जुलैत दिल्लीत पुरं बजेट हाय. मीटिंगमधी सगळी म्हनत्यात, ह्या बजेटात चार वर्षांचं मोडनार, पोरं पक्की करनार, त्याला पैसा ठेवनार. मोबाइलवर बी तसंच फिरतंय. तसं झालं तर मी सवता सूरजच्या दारात साखर घेऊन जाईन. शिराळ्याचं एक स्थळ आलंय, पोरगा वीज खात्यात कायम. त्येंस्नीबी बजेटनंतर या म्हनलोय.

आता तुजं. पुढच्या भरतीला तुजं वय बसतंय, त्याच्या पुढच्या न्हाई. ट्रेड्समनला आठवी चालती. तुज्या आज्यापासनं ह्या घरात वर्दी हाय. माज्यामागं कोन? फॉर्म भर. तुजी ट्रंक मी एकटा उचलंन, कंबर गेली तरी बेहत्तर.

तुजा नाना,
लालासाहेब

(दादा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली दोन ओळी लिहिते. त्या दिवशी नानांनी ट्रंक उचलली नाही, पण एसटी जाईपर्यंत ते तालमीच्या भिंतीमागं उभे होते. मी पाण्याला चालले होते, मी बघितलं. त्यांना माहीत नाही. शिराळ्याचं स्थळ मला नको आहे. तुझी पूजा.)

*

कोइमतूर,
३ जुलै २०२४

नाना,

बरं. बजेट तर बजेट. सूरजला कळवलं. त्याची पोस्टिंग लय वर हाय, आठवड्यातनं एकदा फोन लागतो. म्हनला, "नाना बजेट बघनार असतील तर मी देव पान्यात घालून बसतो." त्याच्या कंपनीतली पोरंबी तेच बोलत्यात म्हनं, पक्कं करनार, पक्कं करनार. मोठं सायेब काय बोलत न्हाईत.

आमच्या हितंबी बजेटचाच जप हाय. आप्पासो शेट रोज सकाळी पेपर घिऊन बसतोय. परदेशातनं येनाऱ्या सोन्यावर सरकार ड्यूटी घेतंय, ती वाढली की सोनं म्हाग. माजं डोकं चालवून सांगतो. सीमेवर तान हाय. तोफा पायजेत, इमानं पायजेत, तुमी म्हनता तसं पोरं पक्की करायची तर त्येंच्या पेन्शनीला पैसा पायजे. त्यो कुठनं काढनार? सोन्यातनंच. ड्यूटी वाढनार म्हंजे वाढनार. शेटबी मान हलवतोय.

तवा पूजासाठी जे काय करायचं ते बजेटच्या आदी करून घ्या. विट्याला ओळखीच्या सोनाराकडं जावा. कुनाच्याबी सुपारीला का असंना, पोरीचं सोनं लागनारच. ह्या धंद्यात चार वर्सं काढली, एवढं तर मला कळतंय.

फॉर्मचं बघतो. मी पहाटं पळतोय, हे कुनाला सांगितलं न्हाई. हितं देवळाच्या तळ्याभवती. पुजारी म्हनतो, कसला नवस हाय? म्हनलो, पळायचाच.

यशराज

*

वरची कातळवाडी,
२४ जुलै २०२४

चि. यशराज,

काल अकराला आंघोळ करून, कोट घालून, मेडल लावून टीव्हीफुडं बसलो. तुजी काकी म्हनली, "आवं, दिल्लीतनं तुमी दिसनार हाय का त्येंस्नी?" मी म्हनलो, दिसू न दिसू, बसायची एक पद्धत असती. पूजा दारात उभी हुती, कालिजला गेली न्हाई. याकूबभाई च्याची किटली घेऊनच आला. मला ऐकू येत न्हाई म्हनून मी टीव्हीच्या तळाची पट्टी वाचायची आनि त्यानं कानानं ऐकून हातानं खुनवायचं, असं ठरलं हुतं.

पट्टीवर सगळं आलं. शेती आली, रस्तं आलं, नोकऱ्या आल्या. मग आलं, सोनं-चांदीवरची ड्यूटी पंधरा टक्क्यांवरनं सहावर. याकूबभाईनं माज्याकडं बघितलं, मी काकीकडं बघितलं. शनवारीच आमी विट्याला जाऊन तुज्या शब्दावर पूजाचं सोनं घेतलं हुतं. काकी हसाय लागली ती थांबंना. डोळ्यातनं पानी आलं तरी हसतीया.

पर मी उठलो न्हाई. पोरांचं येईल म्हनून शेवटपतूर बसलो. भाषान संपलं. चार वर्षांचं मोडन्याचा शब्द न्हाई. याकूबभाईनं हात झाडून दावलं, काय न्हाई. मग चॅनेलवर टाय लावलेला एक मानूस आला आनि पट्टी आली, "संरक्षण खर्चावर पेन्शनचा बोजा". ती पट्टी लय वेळ फिरत हुती. मी टीव्ही बंद केला आनि कोट खुंटीला लावला.

शब्द दिला हुता तसाच पाळतो. सूरजला कळव, न्हाई. शिराळ्याची मंडळी पंचमीनंतर येतील. पूजा जेवत न्हाई, जेवंल.

तू फॉर्म भर. ते इसरू नको. घरात वर्दी पायजे.

लालासाहेब

*

कोइमतूर,
३ ऑगस्ट २०२४

नाना,

सोन्याचं माजं चुकलं. शेटचंबी चुकलं. त्याच्या तिजोरीत जे पडून हुतं ते एका दुपारी हलकं झालं. वजन तेवढंच, किंमत न्हाई. दोन दिवस त्यो खुर्चीतनं उठला न्हाई. मग म्हनला, पोरानो, दोघास्नी जावं लागंल. त्यात मी एक. मला तरी लय वाईट वाटलं न्हाई. तसंबी माजं चित्त हितं नव्हतं.

पर तुमच्या पत्राचं मला लागलंय ते येगळंच.

सूरजला न्हाई म्हनलात. का? चार वर्सांचा हाय. पेन्शन न्हाई. चारांतला एक न्हाई झाला तर गावात बसनार. आनि त्याच पत्रात खाली मला लिवता, फॉर्म भर. मी कुठल्या फौजेत जानार हाय, नाना? मला काय दुसरी भरती हाय? मीबी त्याच चार वर्सांत जानार. त्याच चारांत उभा राहनार. मीबी तिघांत आलो तर पंचविसाव्या वर्साला त्याच स्टॉपवर उतरनार.

म्हंजे जावई चार वर्सांचा चालत न्हाई, पुतन्या चालतो.

का? पूजा तुमच्या पोटची हाय आनि मी भावाचा म्हनून? का मी तसाबी कुठं टिकत न्हाई, मग चार वर्सं तर चार वर्सं? इचारतोय. खरंच इचारतोय. बाबा गेल्यावर तुमी मला सांभाळलंत, माजी आई तुमच्या घरात मान घेऊन हाय, त्यावर मी कवा तोंड उघडलं न्हाई. पर सूरजची ट्रंक न उचलनारा हात माजी ट्रंक उचलनार असंल, तर मला ती ट्रंकच नगं. आज पळायला गेलो न्हाई. पुजाऱ्यानं इचारलं, नवस फिटला का?

उद्या हितनं निगतोय. कुठं ते ठरलं न्हाई. ह्या पत्त्यावर लिवू नगा.

यशराज

*

वरची कातळवाडी,
२९ सप्टेंबर २०२४

चि. यशराज,

लिवू नगा म्हनलास तरी लिवतोय. आप्पासो शेटच्या दुकानावरच धाडतो. गलाईवाली एकमेकाच्या पत्त्यावर असत्यात, कुठंतरी तुला गाठंलच. तुज्या आईनं बी हेच सांगितलं. तुज्या फोनवर ती रडती आनि तू ठेवून देतोस, हे मला कळतंय. ऐकू येत न्हाई, दिसतंय.

तुजं पत्र मी पूजाला दावलं न्हाई. एकट्यानंच वाचलं. दोन म्हैनं उत्तर लिवायला बसतोय आनि उठतोय.

आता सांगतो. पुतन्या चालतो, ते भावाचा म्हनून न्हवं. माज्यामागं घरात वर्दी न्हाई, ह्याची मला लाज वाटत हुती. पोरीसाठी मी पेन्शन बघितली आनि तुज्यासाठी वर्दी बघितली. दोन्ही माज्याच सोयीचं. तू पकडलंस, बरं केलंस.

शिराळ्याची मंडळी येऊन गेली. पोरगा चांगला हुता. त्याच्या बापानं च्या पिता पिता इचारलं, "तुमाला पेन्शन किती बसती?" याकूबभाईनं ते माज्या हातावर बोटानं लिवून दावलं, मी सांगितलं. त्यो खूश झाला. म्हनला, म्हंजे पोरगी भक्कम घरातली. मंडळी पाठमोरी झाल्यावर तुजी काकी सैपाकघरातनं बाहीर आली. ती मोठ्यानं बोलली असंल, कारन मला बी ऐकू आलं. म्हनली, "माज्या बापानं तुमच्या पेन्शनीचं कवा इचारलं हुतं? त्यानं इचारलं, पोरगा दारू पितो का? आनि तवा तुमी तरी कुठं पक्कं हुता, रंगरूट हुता. कान घालवून याल, हेबी त्याला कुनी सांगितलं न्हवतं. तरी त्यानं दिली."

त्या रातचं न्हाई, दुसऱ्या दिवशी बांधावर बसलो असताना ती टीव्हीची पट्टी माज्या डोळ्याफुडनं परत गेली. पेन्शनचा बोजा. तवा मला वाटलं हुतं, कुनाचं तरी चाललंय. मग ध्यानात आलं, त्यो बोजा म्हंजे मी. दर म्हैन्याला वडूजच्या बँकेत जाऊन मी जे ताठ मानेनं काढतो, ते दिल्लीत वजन म्हनून मांडलंय. देशाला तोफा पायजेत, मला पटतंय, मी तोफेजवळ उभा राहिलोय. पैसा एकच, तोफेला द्यायचा का मानसाला, हा त्येंचा हिशेब असंल. आनि माज्यावरनं जे वजन वाढलं, ते कमी करायला त्येंनी सूरजची चार वर्सं केली. म्हंजे माजंच वजन त्या पोराच्या डोक्यावर हाय. आनि मी त्याची ट्रंक उचलायला न्हाई म्हनतोय.

सूरजच्या घरी गेलो हुतो. साखर घेऊन. त्याची आई आदी घाबरलीच, पोराचं काय झालं का म्हनून. सुपारी दिवाळीनंतर, त्याची सुट्टी मिळतीया. लगीन त्याची चार वर्सं झाल्यावर, मग त्यो चारांतला असू दे, तिघांतला असू दे.

तू सोन्यात चुकलास, मी बजेटात चुकलो. त्यात तुजं बरं, सोनं परत चढाय लागलंय, काकीचं हसनं थांबलंय.

फॉर्मचं मी बोलनार न्हाई. तुजं तू बघ. सुपारीला ये. ट्रंकेचं काय करायचं ते मी ठरिवलंय, हितं लिवत न्हाई.

नाना

(दादा, नाना रोज सकाळी धान्याचं पोतं अंगणात इकडून तिकडे उचलून ठेवतात. आई विचारते, काय चाललंय? म्हणतात, कवायत. तू ये. पूजा.)

*

विजयवाडा,
२४ नोव्हेंबर २०२४

नाना,

पोचलो. नवी गलाई, नवी खोली, तेजाब जुनंच. शेट साताऱ्याकडचा, जेवायला बाजरीची भाकरी हाय. एवढ्यासाठी तरी म्हैनाभर टिकंन.

तुमचं ते पत्र मला ऑक्टोबरात मिळालं हुतं. सेलमच्या एका दुकानात पडून हुतं, तिथला पोऱ्या म्हनला, "तुमच्या नावाचं हाय, कुनी लालासाहेब." भट्टीफुडंच उभं राहून वाचलं. उत्तर लिवलं न्हाई, सरळ सुपारीला आलो, हे तुमाला ठावं हाय. त्यात सांगन्यासारखं काय न्हाई. सूरज लय वाळलाय आनि पूजा त्याला जिलबी वाडताना ताटाबाहीर वाडत हुती, हे सगळ्यांनी बघितलं.

सूरजच्या ट्रंकंचंबी गावानं बघितलं. तुमी वेशीत उभं हुता, कोट घालून, मेडल लावून. बजेटला घातला हुता त्योच कोट. सूरज म्हनला, "नाना, ऱ्हाऊ द्या, जड हाय," आनि तुमाला ऐकू आलं न्हाई. का आलं न्हाई असं दावलं, देव जानं. तुमी ती खांद्यावर घेतली आनि चालाय लागला. मागली कडी धरायला मी पळालो. वीस वर्सांचा घोडा, पर पळालो. ट्रंक उचलायची न्हाई म्हननाऱ्या तटातली म्हातारी मानसं पारावर बसली हुती, त्यातलं एक जन उठून उभं राहिलं. एकच. तुमच्या ध्यानात आलं का न्हाई ठावं न्हाई, म्हनून लिवतोय.

आता त्याच्या दुसऱ्या दिवसाचं, शनवारचं. गलाईवाला पहाटंच्या एसटीनं जातो. त्याला कुनी पोचवायला येत न्हाई, यायची रीत न्हाई. आई दारापतूर येती, बास. मी बॅग खांद्याला लावली आनि वेशीत बघतो तर तुमी. बंडीवर. कोट न्हाई, मेडल न्हाई. माजी बॅग वडून घेतली. मी म्हनलो, "नाना, आवं, ही काय ट्रंक न्हवं." तुमी चाललाय पुढं. याकूबभाई हाटेलाच्या दारात दात घासत हुता, त्यो वरडला, "लालासाहेब, आता गलाईवाल्याचीबी उचलायला लागला व्हय?" तुमी नुसतं त्याच्याकडं बघून हात वर केला. ते ऐकू आलं हुतं, आता मला सांगू नगा.

मी मोकळ्या हातानं चाललो. वेशीपासनं स्टॉपपतूर. हात कुठं ठेवायचं ते कळंना.

एसटी हालल्यावर मी खिडकीतनं वरडून तुमाला काय तरी सांगितलं. तुमी मान हलवली, पर ते ऐकू गेलं न्हाई, माजी खात्री हाय. कंडक्टरनं ऐकलं, तुमी न्हाई. म्हनून हे पत्र.

पयलं म्हनलो ते हे, की फेब्रुवारीत परत बजेट हाय, तवा एकटं टीव्हीफुडं बसू नगा. मी येतो. त्या दिवशी गलाई तशीबी बंदच असती, शेट लोक भाव बघत बसत्यात. पट्टी मी वाचतो. बोजाबिजा आलं तर मी टीव्ही बंद करतो, तुमी च्या प्या.

आनि दुसरं म्हनलो ते हे. फॉर्म मी आता भरीन, न्हाईतर न्हाई भरनार. वय निगून गेलं तर जाऊ दे. मला ज्यासाठी जायचं हुतं, ते शनवारी पहाटं स्टॉपवर झालं.

यशराज